तिसऱ्या बेसवरचा डेल

ऑगस्टातल्या एका गुरुवारी, जेवणाची सुट्टी संपत आली असताना, ऑफिसातल्या कोरीन नावाच्या मुलीनं माझ्याकडे एक संत्रं फेकलं. "मिस्टर हूडॅक, घ्या," एवढंच ती म्हणाली. लहान मुलाकडे फेकतात तसं तिनं ते खालून, हळूच फेकलं होतं. मी खाली बसलो. दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरले आणि माझ्या घशातून, पायाखाली शेपूट सापडलेल्या कुत्र्यासारखा एक आवाज निघाला. संत्रं माझ्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीवर आपटलं, फुटलं, आणि शहराच्या जमिनीखालच्या पाण्याच्या नळांचा जो मोठा नकाशा तिथं लावलेला आहे, त्याच्यावरून रस ओघळायला लागला. सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, मीही हसलो. कोरीननं कागद आणून नकाशा पुसला, माझी माफी मागितली. मी टेबलाशी येऊन बसलो आणि पेन्सिल हातात घेतली, पण रेघ पुढं सरकेना. हात वर जाणं मी समजू शकत होतो, कुणाचेही जातील. पण मी डोळे मिटले होते. घट्ट मिटले होते. आणि त्या मिटलेल्या अंधारात, एका क्षणापुरता, मला एका माणसाच्या शर्टाचा वास आला होता. तंबाखू, घाम आणि भट्टीच्या गंधकाचा. त्या वासाच्या माणसाजवळ मी पस्तीस वर्षांत गेलो नव्हतो. पोट बिघडलंय असं साहेबांना सांगून मी बाहेर पडलो, गाडी काढली, आणि घराकडे वळायच्या चौकात न वळता सरळ हार्लन फॉल्सच्या रस्त्याला लागलो.

क्लीव्हलंडपासून हार्लन फॉल्स, मी वाढलो ते गाव, दीड तासावर आहे. मी त्या गावात बारा वर्षं फिरकलो नव्हतो, शेवटचा गेलो तो आईला पुरायला. पण डेल तिथंच आहे हे मला माहीत होतं. माझी बहीण इर्मा नाताळच्या पत्रात दरवर्षी एखादी ओळ लिहायची. डेलनं छप्पर नवीन केलं. डेलची आई लोरीन गेली. डेलचा बाप आता त्याच्याचकडे असतो, माणसं ओळखत नाही. ती ओळ मी दोनदा वाचायचो आणि पत्र घडी करून ठेवायचो.

डेल स्कॅग्ज आमच्या गल्लीत आला तेव्हा आम्ही दोघंही आठ वर्षांचे होतो. ते केंटकीच्या डोंगरातले लोक. पोलादाच्या गिरणीत कामगार हवे होते म्हणून आलेले. आमची गल्ली स्लोव्हाकांची. आमच्या बायका त्यांच्या बोलण्याला हसायच्या आणि ते आमच्या जेवणाला नाक मुरडायचे. माझा बाप मी सहा वर्षांचा असताना नदीवर कोळशाच्या पडावावरून पाण्यात पडून मेला होता. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी उकळायची. गल्लीच्या टोकाला बर्फाच्या कारखान्यामागं एक मोकळं मैदान होतं. तिथं उन्हाळ्यात सकाळी आठपासून बेसबॉल चालायचा, आणि मला कुणी खेळायला घ्यायचं नाही. घेतलंच तर उजव्या टोकाला, जिथं बॉल फारसा येत नाही. एकदा यार्नो नावाचा थोराड पोरगा मला म्हणाला, "तुझा बाप पोहता येत नव्हतं म्हणून मेला, की तुझ्या आईला कंटाळून?" तिसऱ्या बेसवर, जिथं सगळ्यात जोराचे बॉल येतात तिथं, उभा असलेला नवा पोरगा, त्याचं नावही अजून कुणाला माहीत नव्हतं, तिथून चालत आला. पळत नाही, चालत. आणि त्यानं यार्नोच्या तोंडावर मूठ मारली. यार्नो पडल्यावरही तो मारत राहिला. गुडघ्यानं छाती दाबून, अगदी शांतपणे, एखादं काम संपवावं तसा. त्याला ओढून काढायला तिघं लागले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला उजव्या टोकाला कुणी उभं केलं? माझ्या शेजारी ये." त्याच्या बोटांवर यार्नोच्या दाताचं रक्त होतं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की जेवण गेलं नाही.

त्यानंतरचे चार उन्हाळे म्हणजे डेल. दोघांत मिळून एकच ग्लोव्ह होता. आम्ही तो आलटून पालटून घरी नेत असू, तेल चोळून, आत बॉल बांधून उशाखाली ठेवत असू. आईनं खसखशीचे रोल केले की मी चार खिशात घालून न्यायचो. नाक मुरडणाऱ्या त्याच्या घरात त्यानं ते कधी सांगितलं नाही, पण खायचा मात्र तीन. संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक व्हरांड्यातून रेडिओवरचा सामना ऐकू यायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तरी एकही बॉल चुकायचा नाही. आम्ही मारामाऱ्याही पुष्कळ केल्या. दुसऱ्या गल्लीच्या पोरांशी दगडांनी. एकदा सामन्यात डेल तिसऱ्या बेसवर घसरत आला तो बुटांचे खिळे पुढं करून, आणि समोरच्या पोराच्या नडगीचं हाड दिसायला लागलं. पंच ओरडत होता, पोरगा किंचाळत होता, डेल उठून विजारीवरची माती झटकत होता. मी त्याला विचारलं की मुद्दाम केलंस का. "तो वाटेत होता," तो म्हणाला. कधी कधी तो मलाही मारायचा. एकदा कारणाशिवाय माझ्या कानाखाली अशी वाजवली की मला दिवसभर शिट्टी ऐकू येत होती. मग तो माझ्याशेजारी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून बसला. बर्फाचा एक तुकडा आणून माझ्या कानाला धरला. त्याचा हात गारठून लाल झाला तरी त्यानं तो काढला नाही. त्याच्या पाठीवर शर्टाखाली काय होतं हे मी पोहताना पाहिलं होतं. पट्ट्याच्या बकलाचे चौकोन. तो त्याबद्दल बोलला नाही, मी विचारलं नाही. असल्या गोष्टी आमच्या गल्लीत अनेकांच्या पाठीवर होत्या. पण डेलच्या पाठीवर जुने बरे व्हायच्या आत नवे यायचे.

त्याचा बाप ऑरव्हल भट्टीवर होता. उंच, देखणा माणूस. तरुणपणी गिरणीच्या संघातून खेळायचा, आणि एकदा मोठ्या संघाची माणसं त्याला पाहायला आली होती. तेव्हा तिसऱ्या बेसवर एक सणसणीत बॉल त्याच्या तोंडावर आला आणि त्यानं डोळे मिटले. एवढंच झालं. बॉल लागलाही नाही, कानाजवळून गेला. पण ती माणसं वहीत काही लिहून निघून गेली. ही गोष्ट तो आम्हाला सांगायचा तेव्हा हसत सांगायचा, आणि शेवटी त्याचं हसणं थांबलं की डेल आधीच अर्धा पाऊल मागं सरकलेला असायचा. मला ऑरव्हल आवडायचा. हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही, मार्टाला म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. तो मला हूडॅक म्हणायचा, मोठ्या माणसाला म्हणावं तसं आडनावानं. माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. मला बाप नव्हता, आणि त्याच्या त्या हाताचं वजन मला घरी जाईपर्यंत पुरायचं.

बाराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यानं सराव सुरू केला. भट्टीवरून सुटला की तो आम्हाला मैदानावर न्यायचा. त्याच्याकडे सरावाची एक बारीक लांब बॅट होती आणि एक पत्र्याची बादलीभर जुने बॉल. डेलला तिसऱ्या बेसवर उभं करायचा, स्वतः तीस पावलांवर उभा राहायचा आणि जमिनीलगत बॉल मारायचा. माझं काम बादलीशेजारी उभं राहायचं आणि त्यानं हात मागं केला की त्यात बॉल द्यायचा. "बॉल," तो म्हणायचा, वळून न बघता. मी द्यायचो. "डोळा मिटायचा नाही. बॉल. कळला का? बॉल." जूनमध्ये तीस पावलं होती. जुलैत वीस झाली. डेलच्या नडग्या निळ्या झाल्या, मग काळ्या. एकदा हाताचं बोट वाकडं झालं, ते त्यानं स्वतःच ओढून सरळ केलं. बॉल लागला की तो "हो, सर" म्हणायचा. ऑरव्हल माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "हा हूडॅक बघ. बॅट कानाजवळून जाते याच्या, पापणी हलत नाही." ते खरं होतं. मला कुणी बॉल मारत नव्हतं. पण तो असं म्हणाला की माझी छाती वर यायची. आणि पुढचा बॉल मी त्याच्या हातात, त्यानं मागायच्या आधी ठेवायचो. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण असंच होतं. हात मागं आला की त्यात बॉल असायचा. मला त्या कामात गोडी लागली होती.

ऑगस्टातल्या एका शनिवारी आमचा गावातल्या दुसऱ्या चर्चच्या पोरांशी सामना होता. शेवटच्या डावात एक सरळ, खालून उसळणारा बॉल डेलकडे आला. तो नेहमीसारखा वाकला, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यानं चेहरा वळवला. बॉल त्याच्या पायांमधून गेला, त्यांच्या दोन पोरांनी धावा पूर्ण केल्या, आम्ही हरलो. मी शेजारीच होतो, मला त्याचे मिटलेले डोळे दिसले. ऑरव्हल जाळीमागं उभा होता. तो ओरडला नाही. जाळीत अडकवलेली बोटं त्यानं एकेक करून सोडवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर त्यानं आम्हाला नेलं. मैदानात कुणी नव्हतं. गिरणी रविवारीही चालू असायची, पिवळा धूर खाली उतरला होता. ऑरव्हलनं बेसपासून पावलं मोजली आणि दहावर थांबला. मग म्हणाला, "ग्लोव्ह काढ." डेलनं काढला आणि माझ्याकडे फेकला. तो आमचा ग्लोव्ह होता, त्या आठवड्यात माझी पाळी होती. "हात मागं," ऑरव्हल म्हणाला. डेलनं हात पाठीमागं घेतले. तो तिथं उभा राहिला, रविवारच्या पांढऱ्या शर्टात, केस पाण्यानं बसवलेले. आणि तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. बापाकडे नाही. त्या नजरेचा अर्थ मला कळला नाही असं मी कधीही म्हणणार नाही. बादली लाथेनं कलंडवता आली असती. ती उचलून पळता आलं असतं, मी चांगला पळायचो. नुसता हात मागं घेतला असता तरी चाललं असतं. ऑरव्हलचा तळवा माझ्यासमोर उघडला होता, भट्टीनं भाजलेला, रेषा काळ्या पडलेल्या. "बॉल," तो म्हणाला. मी ठेवला.

पहिला डेलच्या खांद्यावर लागला. दुसरा बाजूनं गेला. तिसरा जबड्यावर. कोरडं लाकूड गुडघ्यावर मोडल्यासारखा आवाज झाला, आणि त्यामागून लगेच दुसरा, ओला. डेल गुडघ्यांवर बसला. त्याचं तोंड उघडं होतं पण सरळ उघडं नव्हतं, खालचा भाग एका बाजूला लोंबत होता. शर्टावर रक्त आणि लाळ उतरत होती. दातांचे पांढरे तुकडे मातीत पडले. त्याचे डोळे मात्र उघडे होते. ऑरव्हलचा हात मागं आला. तो बॉल म्हणालाही नाही, नुसता हात आला. आणि मी दिला. विचार करून नाही, न करूनही नाही. माझ्या हातानं दिला. ऑरव्हलनं तो मारला. गुडघ्यांवर बसलेल्या डेलच्या कानामागं तो लागला आणि डेल बाजूला पडला, बादली पडावी तसा. मग ऑरव्हलच्या हातातून बॅट सुटली. तो धावला, त्यानं पोराला उचललं, "माझ्या राजा, माझ्या राजा," असं काहीतरी तो बडबडत होता. गाडीत घालून तो गेला. मैदानात मी एकटा राहिलो. मी काय केलं? सगळे बॉल गोळा केले. एकही सोडला नाही. गवतात गेलेला एक सापडेना, तर मी रांगत शोधला. बादली त्यांच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली, बॅट तिच्यात उभी केली आणि घरी गेलो.

हॉस्पिटलात ऑरव्हलनं सांगितलं की बॉलनं वाईट उसळी घेतली. दोनदा? कुणी विचारलं नाही. माझी आई त्याच हॉस्पिटलात चादरी धुवायची, त्या रात्रीच्या चादरी कदाचित तिच्याच हातात आल्या असतील. तिनं मला समोर बसवून विचारलं, "तू होतास ना तिथं?" मी म्हटलं, "उसळी वाईट आली." ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग सूप वाढायला उठली. डेलचा जबडा तारांनी बांधला होता. सप्टेंबरात शाळा सुरू झाली. तो आला तो ऑक्टोबरात, अर्धा झालेला, एका कानानं ऐकू न येणारा. वर्गात आम्ही वेगवेगळ्या रांगांत बसलो. तो पुन्हा बेसबॉल खेळला नाही, मीही नाही. पुढं मी शिकायला क्लीव्हलंडला गेलो. लग्न केलं. जमिनीखालचे नळ कागदावर काढायला लागलो. पण तो शेवटचा बॉल, गुडघ्यांवर बसलेल्या डेलला मारलेला, माझ्या हातात तसाच राहिला. कधी पावाचा तुकडा कुणाला देताना, कधी मुलीला पेन्सिल देताना हात मध्येच अडायचा. लोकांना वाटायचं मी विसरभोळा आहे.

गल्ली लहान झाली होती. गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती, आकाश निळं आणि रिकामं होतं. डेलच्या दारावर मी वाजवलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असावेत. दार उघडलं ते डेलनंच. केस पांढरे, खांदे जड, जबडा डावीकडे किंचित सरकलेला. एका हातात वस्तरा आणि डाव्या डोळ्याखाली ताजा काळानिळा डाग.

"एमिल," तो म्हणाला. आश्चर्य नव्हतं. "आत ये. साबण सुकतोय."

स्वयंपाकघरात खिडकीशी ऑरव्हल खुर्चीत बसला होता. गळ्याला टॉवेल, अर्ध्या तोंडाला फेस. देखणेपण सगळं गेलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर माझ्यातून पलीकडे गेली. डेल त्याच्या गालावर वस्तरा चालवायला लागला. मी दारापाशी उभा राहून, इर्मा कशी आहे, छप्पर कसं आहे, असलं काहीबाही बोललो. मग मी सांगितलं. वाटेत दीड तास शब्द जुळवले होते, त्यातला एकही कामी आला नाही. तू गुडघ्यांवर होतास, तो मागत नव्हता, नुसता हात आला होता, आणि मी दिला, असं मी म्हणालो.

डेलनं वस्तरा पाण्यात बुडवला. "कुठला बॉल?"

"शेवटचा. कानाला लागला तो."

"मला तर पहिलाही आठवत नाही," तो म्हणाला. "ग्लोव्ह काढला तिथपर्यंत आठवतं. मग पांढरी भिंत." थोडा वेळ तो काम करत राहिला. "तू तेवढं सांगायला आलास?"

मी मान हलवली.

"बेचाळीस दिवस तोंड बांधलेलं होतं," तो म्हणाला, आवाज न चढवता, बापाची हनुवटी दोन बोटांनी वर करून. "आई नळीनं सूप द्यायची. मी पुढच्या खिडकीत बसायचो. तू सायकलवरून जायचास. आमचं घर आलं की रस्त्याच्या त्या बाजूला व्हायचास. रोज. मी आईला सांगायचो, कागदावर लिहून, की आज एमिल येईल. दार लावू नको."

मला त्या खिडकीबद्दल काहीच माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. पस्तीस वर्षं मी एक गुन्हा सांभाळला होता. रात्री काढून पाहिला होता, त्याच्यामुळे स्वतःला इतरांपेक्षा खोल समजलो होतो. आणि तो डेलच्या हिशेबात नव्हताच. त्याच्या मनात होता तो रस्ता, आणि त्याच्या पलीकडच्या कडेनं जाणारी सायकल. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ऑरव्हलचा हात टॉवेलखालून सुटला आणि उलट्या मुठीनं डेलच्या तोंडावर बसला. त्याच डागावर. वस्तरा फरशीवर पडला. "नीट उभा राहा," म्हातारा ओरडला, आवाज अजून तोच होता, आणि हात पुन्हा उचलला.

मी तो हवेतच धरला. कधी पोचलो ते कळलं नाही. मनगट वाळक्या काटकीसारखं होतं आणि मी ते पिळलं. हाड बोटांखाली सरकलं. म्हातारा कळवळून खुर्चीत मुडपला, त्याच्या ओठाजवळचा फेस गुलाबी झाला, त्यानं जीभ चावली असावी. तरी मी सोडलं नाही. दुसऱ्या हातानं मी त्याचा गळा टॉवेलसकट पकडला होता आणि त्याचं डोकं भिंतीवर एकदा आपटलं होतं. त्या आवाजानं मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा आपटणार होतो. त्याचे डोळे विस्फारलेले होते, त्यात कुणीही नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत असते तेवढीच भीती होती.

"सोड," डेल म्हणाला. मग माझ्या खांद्याला धरून त्यानं मला मागं ओढलं, पूर्वीच्याच ताकदीनं. मी कपाटावर आदळलो.

तो बापाजवळ गुडघे टेकून बसला. डोक्यामागून हात फिरवून रक्त आहे का पाहिलं. मनगटावर माझी चार बोटं उठली होती, त्यावर तो फुंकर घालत राहिला. म्हातारा हुंदके देत होता.

"आता कशाला, एमिल?" डेल माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी तिथून निघून जायला हवं होतं, पाय दाराकडे वळलेही होते. डेलनं खाली पडलेला वस्तरा उचलला, नळाखाली धुतला, पुसला. त्याच्या डोळ्याखालचं आता सुजायला लागलं होतं. "बसायचं असेल तर त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बस," तो म्हणाला. "त्याला हात लावायचा नाही."

मी बसलो. हात मांड्यांखाली दाबून ठेवले. डेलनं नवा फेस केला आणि दुसऱ्या गालाला लावला. हळूहळू म्हाताऱ्याचे हुंदके थांबले. त्याची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन टेकली.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

डेलनं वस्तरा गालावर टेकवला, कातडी अंगठ्यानं ताणली.

"आपल्या गल्लीत राहायचा," तो म्हणाला, आणि वस्तरा खाली ओढला.